डोरल्याची सावली

माझ्या टेबलाच्या वरच्या खणात पिवळ्या दोऱ्यात ओवलेलं एक हळकुंड असतं. परवा एका गृहस्थांनी ते पाहिलं आणि विचारलं, काय मॅडम, मशीनची पूजा करता वाटतं? मी म्हटलं, पूजेचं नाही ते, मशीनचंच सामान आहे. ते हसले. मी पेशंटची थट्टामस्करी करते हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं खरं बोलले तरी लोक हसतात. मग त्यांना मशीनमध्ये उभं केलं, हनुवटी टेकवली आणि फोटो काढला.

मी दातांचे एक्स-रे काढते. सात रस्त्याजवळ, एका औषधाच्या दुकानाच्या वर आमचं सेंटर आहे. दातांचे डॉक्टर चिठ्ठी देऊन माणसं पाठवतात, मी फोटो काढते आणि तो डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर जातो. लोक त्याला फोटोच म्हणतात, आता मीही म्हणते. मी या कामाला लागले तेव्हा छोट्या फिल्म असायच्या. अंधाऱ्या खोलीत त्या औषधात बुडवायच्या, धुवायच्या, चिमट्याला लावून वाळवायच्या. औषध जुनं झालं की फोटो फिका, औषध तापलं की काळाठिक्कर. सोलापूरच्या उन्हाळ्यात मी औषधाच्या भांड्याभोवती बर्फ रचून ठेवायची. आता सगळं पडद्यावर दिसतं. उजेड कमीजास्त करता येतो, हवं तेवढं मोठं करून बघता येतं. त्यामुळं लोकांना वाटतं, आता चूक होतच नसेल. अहो, जे मशीननं टिपलंच नाही ते कॉम्प्युटर कुठून आणणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा माणसामुळं. मशीन डोक्याभोवती पंधरा सेकंद फिरतं, तेवढा वेळ न हलता उभं राहायचं, बस्स. पण तेवढंही जमत नाही माणसाला. एक जण नेमकी तेव्हाच थुंकी गिळतो, एकाला खोकल्याची उबळ येते, एखादी बाई मशीन कानाजवळ आलं की ‘अगं आई’ म्हणून मागं सरकते. हनुवटी खाली गेली की फोटोतले दात हसल्यासारखे येतात, वर गेली की रडल्यासारखे. जीभ टाळूला लावली नाही तर वरच्या दातांच्या मुळांवर काळा पट्टा येतो. मान पुढं झुकली तर मणक्याची पांढरी सावली बरोबर पुढच्या दातांवर येऊन बसते. आणि या सगळ्यांहून मोठी ब्याद म्हणजे अंगावरचं सोनं.

सोनं किरणांना आडवं येतं. मशीन फिरतं असल्यामुळं उजव्या कानातल्या कुडीची सावली उजवीकडं तर पडतेच, पण आणखी एक डावीकडं पडते, थोडी वर, मोठी आणि धुरकट. तिथं प्रत्यक्षात काहीच नसतं. नुसती सावली, पण तिच्याखाली काय आहे ते दिसत नाही. आमच्या धंद्यात तिला घोस्ट म्हणतात. मी सरळ भूत म्हणायची. बाई, कुडी काढा, नाहीतर फोटोला भूत लागेल. बाया हसायच्या आणि मुकाट काढून द्यायच्या. माझं हे बोलणं डॉक्टरांमध्येही ठाऊक होतं. होतं म्हणते, कारण आता मी ते बोलत नाही.

माझी जीभ तिखट. एकदा एक पुढारी गळ्यात बैलाच्या दाव्याएवढी साखळी घालून आले होते. ती काढायला त्यांना जिवावर आलं. मी म्हटलं, साहेब, इथं निवडणूक नाही, दात बघायचेत. काढली त्यांनी. माझा नियमच होता की अंगावर धातू असेल तर बटण दाबायचं नाही, मग समोर पाटलीण असो की कलेक्टरीणबाई. त्यामुळं माझा फोटो पुन्हा काढायची वेळ येत नसे. दुसरीकडून आलेले फोटो डॉक्टर परत पाठवायचे, माझे कधी नाही. त्याचा मला गर्व होता. अभिमान म्हणत नाही मी, गर्वच.

आता अक्काचं सांगते.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आमचं घर आणि शेत मंद्रूपला. तिथलं सगळं थोरले दीर आणि अक्का बघायचे, आणि आम्ही नवरा-बायको नोकरीपायी जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा सासू नव्हती. जे शिकवलं ते अक्कानं. मी पहिली भाकरी थापली तेव्हा तिनं ती हातात धरून सगळीकडून बघितली आणि म्हणाली, ह्यो कुटल्या तालुक्याचा नकाशा हाय गं? आणि मग ती स्वतःच्या ताटात घेतली, दुसऱ्या कुणाला दिसू दिली नाही. माझं बाळंतपण तिनं केलं. मी परत कामावर रुजू झाले तेव्हा माझं पाच महिन्यांचं पोर तिनं मंद्रूपला नेलं आणि वर्षभर सांभाळलं. आजही माझा मुलगा आईला काही सांगायचं म्हणजे आधी थांबतो. अक्काला मात्र तो सगळं सांगायचा. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, इतकी ती माझीही होती.

तिला एकच वाईट खोड होती, मिश्रीची. तव्यावर तंबाखू भाजून केलेली काळी पूड. सकाळी आणि दुपारी जेवण झाल्यावर बोटावर घेऊन खालच्या पुढच्या दातांना घासायची आणि मग बराच वेळ ओठाआड तशीच ठेवून कामं करायची. मी दातांच्या धंद्यातली, मला ते बघवायचं नाही. मी बडबड केली की ती म्हणायची, तू फोटू काडतीस तेवढं काड, मला शिकवू नगंस. मग दोघी हसायचो आणि विषय तिथंच राहायचा.

त्या वर्षी थोरल्या दिरांना हार्टचा झटका आला. शेतातून तसंच गाडीत घालून सोलापूरला आणलं आणि आयसीयूत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, आठवडा गेला म्हणजे काही सांगता येईल. अक्का आमच्याकडं राहायला आली. आत सोडायची वेळ दुपारी चार ते पाच आणि तीही एकाच माणसाला, ती गेली की दुसऱ्या दिवशीपर्यंत दार बंद. अक्काचा सगळा दिवस त्या चार वाजण्यासाठी असायचा. दुपारी दोनलाच लुगडं बदलून, पदर सारखा करून दारात बसायची.

त्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की ती भाकरी दुधात कुस्करून गिळतेय. विचारलं तर म्हणे, दात हलत्यात, हलू देत, त्यात काय. ओठ ओढून बघितला तर खालचे पुढचे तीन दात बोट लावलं तरी झुलत होते आणि हिरडी फुगून आलेली. मी तिला ओढतच आमच्या ओळखीच्या डॉक्टर मॅडमकडं नेलं. मॅडम तरुण आहेत, हुशार आहेत, माझ्या फोटोंवर त्यांचा भारी भरवसा. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, मिश्रीनं हिरड्या गेल्यात, पण आधी पूर्ण जबड्याचा फोटो काढून आणा, मग ठरवू. आम्ही तिथून थेट माझ्या सेंटरला आलो. घड्याळात सव्वातीन झाले होते.

कानातल्या कुड्या तिनं निमूट काढून दिल्या. नाकातली चमकीसुद्धा काढली, केसातल्या पिना काढल्या. मग मी तिच्या गळ्याकडं हात केला. अक्काच्या गळ्यात जुन्या पद्धतीचं डोरलं होतं. आमच्याकडं बाया मंगळसूत्र म्हणून तेच घालतात. काळे मणी, मधे सोन्याचे फुगीर मणी, आणि लांब नाही, अगदी गळ्याबरोबर घट्ट. आत सारून ठेवता येईल असं ते नव्हतंच. मी म्हटलं, अक्का, हेही काढायचं. तिनं ते मुठीत धरलं. चेहरा असा झाला की मी तो पहिल्यांदाच बघत होते.

"तिकडं त्यांच्या छातीला नळ्या लावल्यात," ती म्हणाली, "आन् हितं मी गळा मोकळा करू व्हय?"

एखादी परकी बाई असती तर मी दोन शब्द ऐकवून काढायला लावलं असतं. अशा कितीतरी जणींकडून काढून घेतलं होतं. पण त्या दिवशी माझाच हात मागं आला. खोटं कशाला बोलू, मलाही भीती वाटली. मी तिला ते काढायला लावलं आणि नेमकं त्याच तासाला तिकडं काही बरंवाईट झालं तर? ती मला काही म्हणाली नसती. पण मी मला काय म्हटलं असतं? मी म्हणाले, राहू दे, राहू दे गळ्यात.

तिला मशीनमध्ये उभी केली. उभ्या जन्मात डोक्यावरून ओझी वाहिलेली बाई, मान मुळातच पुढं आलेली. सरळ कर म्हटलं तरी होत नव्हती. शिशाचा एप्रन घातला, हनुवटी टेकवली, समोरची दांडी दातांत धरायला दिली तर हलत्या दातांनी ती धरवेना. कशीबशी धरली. मी म्हटलं, जीभ टाळूला लाव, ओठ मीट, हलू नकोस. आणि बटण दाबलं. इतकं न हलता उभं राहिलेलं माणूस मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलं नाही. पापणीसुद्धा लवली नाही तिची.

फोटो पडद्यावर आला. दोन्ही बाजूंच्या दाढा लखलखीत. आणि मधोमध, जिथं हलते दात होते बरोबर तिथं, खालपासून वरपर्यंत पांढरा धुरकट पट्टा. मणक्याची सावली आणि तिच्यावर डोरल्याची सावली. नीट बघितलं तर मण्यांची रांगसुद्धा कळत होती. ज्या जागेसाठी फोटो काढायचा तेवढी जागाच फोटोत नव्हती.

मागं वळून बघते तर अक्का चपला घालून दारात उभी. झालं न्हवं? चार वाजाय आलं की. शेजारच्या खोलीत छोटं मशीन आहे. त्याची पट्टी तोंडात धरायची आणि तेवढ्याच तीन दातांचा फोटो काढायचा. त्याला डोरलं काढावं लागत नाही, काही काढावं लागत नाही. पाच मिनिटांचं काम. मला ते तेव्हा सुचलं नव्हतं असं मी कुणाला सांगू शकत नाही, कारण ते माझं रोजचं काम आहे. सुचलं होतं. मी उद्या बघू म्हटलं आणि खाली जाऊन तिला रिक्षात बसवलं.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, ताई, बाकी छान आहे, पण पुढचं पांढरं आलंय, परत घेऊ या का? किंवा तिथला छोटा तरी?

मी म्हणाले, "मॅडम, ते डोरल्याचं भूत आहे. खाली काही नाही."

"नक्की?"

"माझा फोटो आहे, मॅडम."

तुम्ही म्हणताय तर ठीक आहे, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. माझ्या तोंडचे ते शब्द मी आजही रोज ऐकते. नंतर सगळ्यांना मी हेच सांगत आले की अक्काच्या भावनेपुढं माझं काही चाललं नाही, तिला चारची वेळ गाठायची होती, वगैरे वगैरे. ते खोटं नाही. पण फोन आला तेव्हा अक्का घरी परत आलेली होती, पाच वाजून गेले होते, दुसरा दिवस मोकळा होता. तेव्हा जे आडवं आलं ते डोरलं नव्हतं. माझा फोटो परत काढावा लागतोय, एवढंच आडवं आलं.

मॅडमनी त्या तीनांतले दोन दात काढले. थोरले दीर आठव्या दिवशी आयसीयूतून बाहेर आले आणि पंधराव्या दिवशी घरी. अक्कानं दारातच त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा तोंडावर पदर न घेता हसताना बघितलं, पुढचे दोन दात नाहीत याचीही तिला शुद्ध नव्हती. मग ती दोघं मंद्रूपला गेली. फोनवर मी विचारायची, जखम कशी आहे? ती म्हणायची, भरतीया. मला ते पटायचं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं.

चार महिन्यांनी वेळ अमावस्येच्या सणाला आम्ही सगळे शेतात जमलो. आमच्याकडं त्या दिवशी रानातच जेवण असतं. पूजा झाली, पंगत बसली, आणि अक्का नुसती आंबील पीत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले तेव्हा मला वास आला. दातांच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर काही वास नाकाला पाठ होतात. मी तिचं तोंड उन्हाकडं केलं आणि ओठ खाली ओढला. जखम भरली नव्हती. ती वाढली होती, कडा वर आल्या होत्या, आणि आत जे पांढरं दिसत होतं ते हाड होतं. पंगतीत माझा मुलगा काहीतरी विनोद सांगत होता आणि सगळे हसत होते. अक्का माझ्याकडं बघत राहिली. मी म्हटलं, काही नाही, उद्या सोलापूरला चल.

पुढचं सगळं लवकर झालं. तुकडा काढून तपासायला दिला, मोठ्या दवाखान्यात स्कॅन केला आणि कॅन्सर निघाला. हाडात खोल गेलेला. ऑपरेशन करून खालचा पुढचा जबडा काढला. तिथले सर्जन म्हणाले, चार-पाच महिने आधी आला असता तर गोष्ट वेगळी होती. हे ते फाइल बघत, सहज, दुसऱ्या पेशंटना म्हणत असतील तसंच म्हणाले.

मी सेंटरवर जाऊन जुना फोटो उघडला. पांढऱ्या पट्ट्याच्या खाली काय होतं ते अजूनही दिसत नाही, कधीच दिसणार नाही. पण पट्टा जिथं संपतो तिथं, दोन्ही बाजूंना, हाडाची कड थोडी बाहेर डोकावते. ती सरळ नाही. वाळवी लागलेल्या चौकटीसारखी कुरतडलेली आहे. दोन्ही बाजूंना मिळून नखाएवढी जागा, पण शिकाऊ माणसालाही दिसेल अशी. मग मला तेव्हा दिसली नव्हती का? या प्रश्नावर मी फार दिवस काढले. दिसली होती. दिसली, आणि मी मनात म्हटलं, भुताचीच कड आहे.

तो फोटो मी पुसून टाकलेला नाही. दुपारी डबा खाऊन झाला की कधी कधी हात आपोआप तिकडं जातो. बघून काही मिळत नाही. नवा फोटो पडद्यावर येतो तेव्हा क्षणभर मला आधी मधोमध तो पट्टाच दिसतो, मग तो विरतो आणि समोरच्या माणसाचे दात दिसायला लागतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आले. डोळे चांगले आहेत.

मॅडमनीही तो फोटो पुन्हा उघडला असणार, कारण एक दिवस त्यांचा फोन आला. म्हणाल्या, ताई, मी परत घ्यायलाच लावायला हवा होता. तुम्ही तर विचारलं होतं, नको म्हणणारी मीच, एवढं त्यांना सांगायचंसुद्धा माझ्याकडून झालं नाही. हो मॅडम, म्हणाले आणि फोन ठेवला.

अक्काला मात्र सांगायचं मी ठरवलं होतं. ऑपरेशननंतर ती आमच्याकडंच होती. नळीनं पेज घालायची, तोंड पुसायचं, हे मी करायची. तिचे शब्द फुटके यायचे, पण मला सगळे कळायचे. एका दुपारी मी तिच्यापाशी बसून सुरुवात केली. म्हटलं, अक्का, त्या दिवशी आपण फोटो काढला ना... तिनं माझ्या मनगटावर हात ठेवून मला थांबवलं. तिला वाटलं, मी काही दुसरंच बोलतेय.

"तू हट्ट केला न्हाईस डोरलं काढ म्हणून," ती म्हणाली. "लई उपकार केलंस, पोरी. त्येच्यामुळंच ते उठून बसले."

बोलताना तिला वेदना होत होत्या, तरी एवढं बोलली. मग मी काही सांगितलं नाही. तिच्यापाशी आता तेवढंच उरलंय, ते कशाला काढून घ्या, असं मी मनाला समजावलं. त्यात माझीही सोय होती हे मला तेव्हाही कळत होतं. सव्वा वर्ष ती जगली, आणि रोज मला दुवा देत जगली. त्याहून शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं खाल्ल्या असत्या.

थोरले दीर अजून आहेत, तब्येत चांगली आहे. सुगीत ज्वारीचं पोतं घेऊन येतात, चहा घेतात, आणि जाताना एकदा तरी म्हणतात, तिनं डोरलं काढलं न्हाई, म्हणून मी हाय. मी कपबशा उचलते आणि आत जाते.

हळकुंडाचं सांगायचं राहिलं. अक्का गेल्यानंतर काही महिन्यांनी अक्कलकोटकडची एक म्हातारी सुनेला घेऊन आली होती. सून पोटुशी नव्हती, आजारी नव्हती, नुसती अक्कलदाढेचा फोटो काढायचा होता. मी मंगळसूत्र काढायला सांगितलं तर तिनंही ते मुठीत धरलं, अगदी तसंच.  तेवढ्यात म्हातारीनं पिशवीतून हळदीची पुडी काढली, पदराचा एक धागा ओढून तोडला, हळदीत माखला आणि सुनेच्या गळ्यात बांधला. मला म्हणाली, सोनाराकडं गाठवाय देताना काय करतोय मग आमी? हे बांदलं की झालं की, बाई. त्यात काय एवढं. सुनेनं मंगळसूत्र काढून माझ्या हातात ठेवलं. फोटो निर्मळ आला. त्या दोघी गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसून रडले. मंगळसूत्र गाठवायला देताना गळ्यात हळकुंड बांधायचं हे मला काय ठाऊक नव्हतं? माझ्या लग्नानंतर माझा सर तुटला होता तेव्हा अक्कानंच माझ्या गळ्यात ते बांधलं होतं.

शेवटी अक्काला मंद्रूपला घरी नेलं होतं, ती तिथंच वारली, सकाळी. आम्ही पोचलो तेव्हा बायांनी तिला न्हाऊ घालून हिरवं लुगडं नेसवलं होतं, मळवट भरला होता, ओटी भरली होती. अर्ध्या गावातल्या सवाष्णी येऊन तिच्या पाया पडत होत्या आणि तिच्या कपाळाचं कुंकू स्वतःला लावून घेत होत्या. अहेव मरण आलं, भाग्याची गं बाई, डोरलं गळ्यात घेऊन गेली, असं जी ती म्हणत होती. थोरले दीर भिंतीला टेकून बसले होते. मी कुणाकडं बघत नव्हते.

न्यायची वेळ झाली तेव्हा अंगावरचं सोनं काढायचं निघालं. बायांमध्ये तू काढ, तू काढ असं चाललं होतं. मग चुलत सासूबाई माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "तूच काढ गं. तुज्या हाताला सवय हाय."

मी अक्काच्या उशाशी बसले. कुड्या काढल्या, चमकी काढली, त्याच क्रमानं. मग दोन्ही हात मानेमागं घातले. मान थोडी उचलावी लागली. डोरल्याचा हूक बोटाला लागला आणि दाबल्याबरोबर उघडला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

चुलत सासूबाईंनी ते माझ्या हातातून घेतलं, दोरा तोडला आणि सोन्याचा एक मणी काढला. मेलेल्या माणसाच्या तोंडात सोनं घालायची आमच्यात रीत आहे. मला म्हणाल्या, तोंड उघडून धर. मी धरलं. खाली पुढचं हाड नव्हतं, दात नव्हते, नुसती खोबण होती. त्यांनी मणी ठेवला आणि तो घरंगळत जाऊन बरोबर मधोमध थांबला. फोटोत सावली पडली होती तिथंच.

ओठ मीट, अक्का, मी सवयीनं म्हणाले. मग ते मीच मिटले.